लाळेची साक्ष

आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीत मराठी विभागाकडे जाणारा एक जिना आहे. त्याच्या वळणावरचा कोपरा जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत विटकरी रंगाचा झालेला आहे. दोन-तीन वर्षांनी रंगकाम होते आणि कोपरा पुन्हा पूर्ववत होतो. 'येथे थुंकू नये' ही पाटी लावून झाली, मग देवांच्या चित्रांच्या फरशा बसवून झाल्या. तेव्हा लोक फरशी सोडून बाजूला थुंकू लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुणे महानगरपालिकेने रस्त्यात थुंकणाऱ्यांकडून दीडशे रुपये दंड घेऊन शिवाय ती जागा त्यांच्याकडूनच पुसून घेण्याची मोहीम काढली. ती बातमी वाचून आम्ही स्टाफरूममध्ये पुष्कळ हसलो होतो. हसणाऱ्या आम्हां दोघांपैकी एकाच्या खिशात तेव्हाही चुन्याची डबी होती, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. दोघेही मराठीचे अध्यापक, दोघेही चाळिशी ओलांडलेले, एकाच गुरूंचे विद्यार्थी. पुढे जी तोंडाची हकीकत येणार आहे ती दोघांपैकी कोणाची, ते आम्ही सांगणार नाही. 'आम्ही' या सर्वनामाची ही एक सोय आहे. ती घेण्यामागे थोडी लाज आहे, आणि खरे म्हणजे या लेखाचा विषय ती लाजच आहे.

भाषेच्या माणसांनी भाषेपासूनच सुरुवात करावी. मराठीने लाळेला कधी मान दिलेला नाही. लाळ गाळणारा तो लोचट, लाळ घोटणारा तो खुशामतखोर. थुंकी झेलणे हे चाकरीचे हीन रूप आणि थुंकून चाटणे हे शब्द फिरवण्याचे. एकच प्रयोग काय तो प्रेमाचा: तोंडाला पाणी सुटणे. पण तेथेही तिला लाळ म्हणायचे आपण टाळले आणि पाणी म्हटले. उष्ट्याचा विचार सोवळ्या-ओवळ्यापासून जातीपर्यंत कोठकोठे पोहोचला, ते दलित आत्मकथने शिकवणाऱ्यांना निराळे सांगायला नको. असा हा द्रव कधी साक्षीदार म्हणून प्रयोगशाळेत उभा राहील आणि आम्ही त्याच्याकडे आशेने पाहू, असे आम्हांला वाटले नव्हते.

आमच्या सरांचे सांगतो. एम. ए.ला ते आम्हांला मध्ययुगीन वाङ्मय शिकवत. ओवी कशी म्हणावी, कोठे थांबावे, कोणत्या अक्षरावर जीभ जरा रेंगाळू द्यावी, हे त्यांच्याकडून ऐकलेले आजही आमच्या वाचनात आहे. तास सुरू होण्यापूर्वी ते व्हरांड्यात उभे राहून तंबाखू मळत, बार भरत, पाच मिनिटांनी खळखळून चूळ भरत आणि मग वर्गात येत. आम्हां विद्यार्थ्यांना तो सगळा विधी रुबाबदार वाटे. आमच्यापैकी एकाने ती सवय त्यांचे पाहूनच उचलली. पाठांतर उचलले नसते तरी चालले असते, अशा थाटात.

पुढे कधीतरी सर म्हणू लागले की तोंड आले आहे. या वाक्प्रचाराचा विचार आम्ही नंतर फार केला. 'तोंड येणे' हे मराठीत किती निरुपद्रवी आहे! जागरणाने तोंड येते, उष्णतेने येते, मिरचीने येते. दोन दिवस तूप लावले, दुधात गुलकंद घेतला, की जाते. जिभेच्या कडेला दोन आठवडे न भरणारी जखमही आपण याच शब्दात घालतो आणि शब्द ओळखीचा असल्यामुळे गोष्टही ओळखीची वाटू लागते. सर सात-आठ महिने 'तोंड आले आहे' असेच म्हणत राहिले आणि आम्ही तिघे-चौघे त्यांच्या जवळचे विद्यार्थी त्यांना बोरिक पावडर आणि ग्लिसरीन आणून देत राहिलो. घरात तुकडा तपासायला द्यायचा विषय निघाला तेव्हा एका नातेवाइकांनी, गाठीला सुरी लागली की रोग चौखूर उधळतो, असे ठासून सांगितले. ही समजूत चुकीची आहे. तुकडा काढल्याने कर्करोग उधळत नाही. पण ती आजही घरोघर आहे. त्या समजुतीत आणखी दोन महिने गेले.

शस्त्रक्रियेत त्यांची निम्म्याहून अधिक जीभ काढावी लागली. त्यानंतर आम्ही भेटायला जात असू तेव्हा उशाशी एक शाळकरी वही असे. तीत ते लिहीत आणि आम्ही मोठ्याने उत्तर देत असू, जणू त्यांना ऐकूही येत नाही. एकदा त्यांनी वहीत लिहिले, 'हळू बोला, कान शाबूत आहेत.' २०१३ मध्ये ते गेले. आम्ही शोकसभेत त्यांच्या वाणीविषयी बोललो. बोरिक पावडरीविषयी कोणीच बोलले नाही.

असे असूनही डबी खिशातच राहिली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आर. आर. पाटील मुखाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा दोन दिवस डबी कपाटात राहिली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. शरद पवारांनी स्वतःच्या सवयीविषयी आणि २००४ मधील शस्त्रक्रियेविषयी जाहीरपणे केलेले निवेदनही आम्ही ऐकले होते. ज्ञान कमी पडत नव्हते. मग एका सकाळी दात घासताना गालाच्या आतल्या बाजूस, जेथे चिमूट धरायची सवय होती तेथे, नखाएवढा पांढरा चट्टा आरशात दिसला. तो पुसून निघेना. दुखत नव्हता, आणि दुखत नाही म्हणून बरे वाटले. ही त्या रोगाची सर्वांत वाईट खोड, हे नंतर कळले.

त्याच सुमारास लाळेवरून मुखाचा व घशाचा कर्करोग ओळखता येण्याविषयी वाचनात आले, आणि आम्ही त्या मजकुरावर तुटून पडलो. त्यातले कुतूहल शास्त्रीय नव्हते. दार लावून एका नळीत थुंकावे, नळी पाठवून द्यावी, कोणासमोर तोंड उघडावे लागू नये आणि चार दिवसांनी पाकिटातून निकाल यावा, हे चित्र आम्हांला भुरळ घालत होते. तरीही वाचलेले वाया गेले नाही.

लाळेत ९९ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींच्या तीन जोड्या व असंख्य बारीक ग्रंथी मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. उरलेल्या एका टक्क्यात क्षार, विकरे, प्रथिने, सूक्ष्मजंतू, रक्तातून झिरपून आलेले रेणू आणि तोंडाच्या अस्तरातून सतत झडणाऱ्या पेशी असतात. पेशी झडतात तशी त्यांची जनुकीय सामग्रीही लाळेत उतरते. अस्तरात कोठे बिघडलेल्या पेशींची वसाहत झाली असेल तर तिचेही तुकडे या प्रवाहात येतात. लाळेतील जैवसूचक म्हणतात ते हेच: बदललेला डीएनए, त्यावर चढलेल्या रासायनिक खुणा, संदेशवाहक आरएनए, दाहाशी निगडित प्रथिने.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या गटाने २००४ मध्ये मुखकर्करोगाचे ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसे यांची लाळ ताडून पाहिली. सात आरएनए रुग्णांच्या लाळेत वाढलेले आढळले आणि त्यांतील काहींचे मोजमाप एकत्र केले असता रुग्ण ओळखण्यात व निरोगी वगळण्यात ९१ टक्के यश आले. २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी डोके व मान या भागातील कर्करोगाच्या ९३ रुग्णांत गाठीचा डीएनए शोधला. मुखाच्या कर्करोगात तो लाळेत प्रत्येक रुग्णात सापडला. घसा व स्वरयंत्र यांच्या गाठींत मात्र लाळ मागे पडली आणि रक्त पुढे गेले. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या चमिंडी पुण्यदीरा यांच्या गटाने एक विलक्षण रुग्ण नोंदवला. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसाच्या लाळेत एचपीव्ही-१६ या विषाणूचा डीएनए वारंवार व वाढत्या प्रमाणात आढळला. टॉन्सिल काढून तपासले तेव्हा आत अवघ्या दोन मिलिमीटरची गाठ निघाली. ती डोळ्यांना दिसली नव्हती. लाळेने सांगितली होती.

हे सारे कागदावर उतरवून आम्ही एका दंतवैद्यक डॉक्टरांकडे गेलो. त्या आमच्याच कनिष्ठ महाविद्यालयातल्या माजी विद्यार्थिनी. अकरावीला त्यांना आम्ही, 'नीट तोंड उघडून वाच,' असे म्हटल्याचे त्यांना आठवत होते. त्यांनी आमचा कागद शांतपणे वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "सर, हे आपण बोलू. आधी तोंड उघडा."

एवढ्या एका वाक्यासाठी आम्ही पाच महिने घालवले होते. रंगलेले दात, वास, चुन्याने भाजलेला गाल हे सगळे एका विद्यार्थिनीच्या विजेरीच्या उजेडात आले. त्यांनी हातमोजा घालून गाल चाचपला, जीभ कापडाने धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, जिभेखालची जागा पाहिली, मानेतल्या गाठी दाबून पाहिल्या. चार मिनिटे लागली असतील. मग आमचा कागद परत हाती घेऊन त्यांनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक गणित मांडले. ते साहित्याच्या माणसांनी एकदा तरी करून पाहावे असे आहे.

समजा दहा हजार माणसांची तपासणी केली आणि त्यांत दहांना खरोखर रोग आहे. चाचणी शंभरात नव्वद रुग्ण ओळखते आणि शंभरात नव्वद निरोगी माणसे बरोबर वगळते. म्हणजे दहांतले नऊ सापडतील. पण निरोगी ९,९९० माणसांतील दहा टक्के, म्हणजे ९९९ माणसे, रोगी म्हणून निघतील. दोषी ठरलेल्या १,००८ लोकांत खरे नऊच. उरलेल्या ९९९ जणांच्या घरात त्या रात्री चूल कशी पेटेल? आणि सुटलेला दहावा निर्धास्त होऊन पुन्हा बार भरेल, ते वेगळेच. बत्तीस विरुद्ध बत्तीस अशा मोजणीत अर्धी माणसे रुग्णच असतात. गावात तसे नसते.

"शिवाय," त्या म्हणाल्या, "लाळेत दाह दिसला की तो कर्करोगाचाच असेल असे नाही. हिरड्या सुजल्या असल्या तरी त्यांतली काही प्रथिने वाढतात. आणि तंबाखू खाणाऱ्यांच्या हिरड्या कशा असतात ते तुम्हांला सांगायला नको." लाळ घेण्याआधी काही वेळ खाणे-पिणे बंद हवे, नमुना थंड किंवा विशिष्ट द्रावणात हवा, नाहीतर आरएनए विघटित होतो, हेही त्यांनी सांगितले. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात संशयास्पद चट्ट्याच्या निदानासाठी लाळेच्या चाचण्यांवर विसंबू नये, तुकडा तपासावा, असेच म्हटले आहे. आम्हांला हे सगळे पाठभेदाच्या चर्चेसारखे वाटले. एकाच पोथीतला एक पाठ घेऊन संहिता ठरवता येत नाही. आणि ज्या लेखनिकाची चुकण्याची रीत ठाऊक नाही त्याच्यावर तर मुळीच विसंबता येत नाही.

मग लाळेचा नाद सोडून द्यावा काय? आम्हांला तसे वाटत नाही आणि त्याचे कारण महाराष्ट्रातच आहे. फली मेहता, डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे पाहिली. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. लाखभर तोंडे, आणि साधन म्हणजे उजेड व डोळा. बायकांमधील मिश्रीचे प्रमाण त्या पाहणीत ठळकपणे पुढे आले. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावण्यासाठी म्हणून सुरू होते आणि मग सुटत नाही. आमच्या दोघांच्याही आज्या मिश्री लावत आणि तिला कोणी व्यसन म्हणत नसे.

नुसत्या डोळ्याने भागते काय, याचे उत्तर केरळमधून आले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन तोंडे तपासली. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे तोंडाच्या बाबतीत डोळा जिंकला. पण त्याच सुमारास आपल्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने, टाटा स्मारक रुग्णालय व आंतरराष्ट्रीय संशोधक यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर दुसरा मोठा प्रयोग केला. त्यात १,३१,७४६ स्त्रिया होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, डोळ्याने पाहण्याच्या पद्धतीने मात्र लक्षणीय घट झाली नाही. तेथे प्रयोगशाळा जिंकली. आपल्याच खेड्यांतल्या बायकांनी संकोच बाजूला ठेवून नमुने दिले म्हणून हे जगाला कळले. तेव्हा लाळेची चाचणी कधी खेड्यापाड्यांत पोहोचणारच नाही, असे म्हणण्याचा अधिकार निदान आम्हां मराठी माणसांना नाही.

तिचे काम कोणते, एवढाच प्रश्न आहे. सगळेच पांढरे चट्टे कर्करोग होत नाहीत. कोणता होणार हे आज तुकडा पाहूनही नेमके सांगता येत नाही. तेथे वरचेवर घेतलेली लाळ उपयोगी पडू शकेल. उपचार झालेल्यांत रोग परततो आहे का, तेही ती लवकर सांगू शकेल. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ येथे डोळा पोहोचत नाही, तेथेही तिला वाव आहे. यासाठी निरोगी, तंबाखू खाणाऱ्या, हिरड्या सुजलेल्या, आपल्यासारख्याच हजारो लोकांची लाळ वर्षानुवर्षे पाहावी लागेल. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १,३६,००० नवे रुग्ण आणि सुमारे ७५,००० मृत्यू झाले. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते, तेही २०१२ पासून गुटख्यावर बंदी असताना. हे संशोधन येथे होणार नाही तर कोठे होणार?

आमच्या गालाचा तुकडा घेतला गेला. निकालाचे अकरा दिवस आम्ही दोघांनी एकमेकांचे तास घेतले. वर्गात आवाज लागत नसे. पेशींत सौम्य बदल आहेत, कर्करोग नाही, असा निकाल आला. डबी गेली. चट्टा पुसट झाला आहे पण गेलेला नाही, आणि दर तीन महिन्यांनी त्याच खुर्चीत बसून त्याच विद्यार्थिनीसमोर तोंड उघडायचे आहे. आता त्याची लाज वाटत नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. वाटते, पण जातो.

मागच्या खेपेस विभागातल्या शिपाईमामांना बरोबर नेले. ते तंबाखू खात नाहीत, 'नुसती सुपारी' खातात. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच नोंदवले आहे. पण ते आम्ही त्यांना वाटेत सांगितले नाही, नाहीतर ते टिळक रस्त्यावरूनच परतले असते. डॉक्टरांनी त्यांना स्वतःची तीन बोटे उभी करून दातांमध्ये घालायला सांगितली. दोनच गेली. अस्तराखाली तंतू धरून तोंड आखडत जाण्याचा हा विकार. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. "मामा, हे कधीपासून?" असे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "चार वर्षं झाली असतील, सर. वडापावचा मोठा घास घेता येत नाही. म्हटलं, वय झालं."

चार वर्षे आम्ही रोज सकाळी त्यांच्याशी बोलत होतो. त्यांचे तोंड लहान होत चालले आहे, हे बोलण्याचा धंदा करणाऱ्या आम्हां दोघांच्याही लक्षात आले नव्हते. त्यांची पुढची तारीख आम्ही आमच्याच तारखेला जोडून घेतली आहे. वाचकांपैकी ज्यांच्या खिशात पुडी आहे, किंवा ज्यांच्या स्टाफरूममध्ये कोणाचे तोंड दोन आठवड्यांहून अधिक काळ 'आलेले' आहे, त्यांना लाळेची चाचणी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. तीन बोटे आणि एक आरसा आजही घरात आहेत. उरलेल्या कामासाठी कोणासमोर तरी तोंड उघडावे लागते.